फोटोपुरती शाल आणि भुऱ्याचा गारठा

यंदा जानेवारीत आमच्या गोविंदकाकांचा भर सभेत सत्कार झाला आणि तो कुत्र्याच्या कोटात झाला.

असं काहीही झालेलं नाही. ज्यांच्या मोबाईलवर फोटो आले असतील, त्यांनी ते आले नाहीत असं समजावं. आपला विषय वेगळा आहे : कुत्र्यांसाठी हिवाळी कपड्यांची निवड. या विषयात डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुक्यांत माझ्याइतका जाणकार तुम्हाला सापडणार नाही. शोधायला कोणी निघालेलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण निघालंच, तर नरपडला येऊन पीयूषचं घर विचारावं. कुत्रीसुद्धा दाखवतील.

आमच्याकडची थंडी म्हणजे मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यासारखी. येणार येणार म्हणते, संक्रांतीच्या आसपास दोन-चार पहाटे तोंड दाखवते आणि नाश्त्याच्या आत निघून जाते. तेवढ्यासाठी गावातला प्रत्येक पुरुष दिवाळी संपली की माकडटोपी चढवतो, ती थेट होळीला काढतो. यंदा मात्र काकांच्या चिकूवाडीची राखण करणारा भुऱ्या खोकायला लागला. भुऱ्या म्हातारा. आता रानडुक्कर आलं तर तो भुंकत नाही, नुसती मान हलवतो. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वय झालंय. पहाटेच्या गारठ्याला जपा."

काका मला म्हणाले, "पीयूष, तू दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असतोस. काढ त्यातून काहीतरी!"

मी डोकं घातलं. कुत्र्याचं माप मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत घ्यायचं. कापड टोचणारं नको. पोट झाकावं, पण पुढचं सांगायला नको इतपतच झाकावं. एका रात्रीत मी तयार झालो.

पहिला कोट ऑनलाईन मागवला. आला तो एखाद्या पोपटाला चांगला बसला असता. मग डहाणूच्या बाजारात गेलो. दुकानदार गुजराती, जुना माणूस. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"कूतरा माटे? अरे भाई, इथे माणूस स्वेटर घेत नाय! हे बघ, लहान पोराचं आहे, टोपीवालं. टोपीला ससाचे कान आहेत."

तो भुऱ्याला घातला. कुत्र्याला सशाचे कान म्हणजे हवालदाराला पदर! गावातली बाकी कुत्री कुंपणापाशी रांगेत बसून त्याच्याकडे बघत होती. भुऱ्याने एक बाही खाल्ली आणि उरलेला स्वेटर विहिरीत नेऊन टाकला.

वाडीतला सुक्या नावाचा गडी शेकोटीपाशी बसून हे सगळं बघत होता. "दादा, तुमी त्याला कपडं शिकवताय खरं," तो म्हणाला, "पण उद्या तो चड्डी मागंल. मग?"

मी मनावर घेतलं नाही. तज्ज्ञांना हे सोसावं लागतं.

काकांचं मात्र या काळात भुऱ्याकडे लक्ष नव्हतं. ते आमच्या चिकू बागायतदार सोसायटीचे सेक्रेटरी. तीस वर्षं. आणि या तीस वर्षांत सोसायटीकडे शाल एकच! खरी लोकरीची, मरून, जरीकाठी. दरवर्षी वार्षिक सभेला प्रमुख पाहुणे येतात, काका त्यांच्या खांद्यावर ती शाल घालतात, फोटो निघतो आणि पाहुणे स्टेजच्या मागे चहा घ्यायला गेले की काका अदबीने म्हणतात, "साहेब, राहू द्या सोसायटीकडे." पाहुणे म्हणतात, "हो हो, ठेवा!" आमच्याकडे याला पद्धत म्हणतात. नारळ मात्र पाहुणे नेतात.

यंदा काका निवृत्त होणार होते आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ती शाल त्यांच्या खांद्यावर पडणार होती. त्यांनी नवीन सदरा शिवून घेतला होता. न्हाणीघरात खांद्यावर टॉवेल टाकून ते आरशासमोर मान झुकवायचा सराव करत. मी स्वतः ऐकलं. टॉवेल घसरायचा, ते उचलायचे, पुन्हा "धन्यवाद, धन्यवाद" म्हणायचे.

ही शाल मी फक्त फोटोत पाहिलेली, आणि ती सोसायटीच्या कपाटात असते, असा माझा समज होता. सोसायटीच्या कपाटाला वाळवी लागलीय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी सुषमाकाकूंना फोन केला. काकू भाचीच्या बाळंतपणाला तलासरीला.

"काकू, भुऱ्याला उबदार कापड हवंय."

"अरे, यांच्या कपाटात शालींची थप्पी आहे. लोकांनी दिलेल्या, आपण लोकांना द्यायच्या. वरच्या घेऊ नकोस, त्या लग्नसराईत लागतील. अगदी तळाची घे. जुनी असेल ती."

मी तळाची घेतली. वरच्या सगळ्या इतक्या पातळ की त्यातून पेपर वाचता येईल. तळाची मात्र जाड, दुपदरी, डांबरगोळ्यांच्या वासाची. मनात म्हटलं, बघा, देव जुन्या वस्तूंतच असतो!

काकांनी ती काकूंच्या हाताला लागू नये म्हणून तळाशी लपवली होती, हे मला नंतर कळलं. या कथेत मला बरंच काही नंतर कळलं.

सरावलीचा तुषार टेलर शाळेचे गणवेश, दप्तरं आणि मोटारसायकलची सीटकव्हरं शिवतो. मी भुऱ्याला घेऊनच गेलो.

"माप आणलंयस?" त्याने विचारलं.

"कुत्रा आणलाय."

तुषारने टेप काढली. "पुढून मोकळं ठेवू की बंद गळा?"

"बंद गळा. घरंदाज कुत्रा आहे."

"वरून रेक्झिन लावतो, दव लागणार नाही. शाल आतून. आणि हा कोपऱ्यात भज्यांचा डाग आहे, तो आत घेऊ की बाहेर?"

"आत."

कोट काय शिवला होता! गळ्याला इलॅस्टिक, पुढच्या पायांना दोन भोकं, पोटाखालून पट्टा आणि पट्ट्याला शाळेच्या दप्तराचं बक्कल. भुऱ्या त्यात शिरला आणि त्याचा चेहराच बदलला. खोकला थांबला. तो वाडीतून असा चालायला लागला जणू सगळी झाडं त्याच्या नावावर आहेत. काकांनीसुद्धा कोटात हात घालून बघितला.

"वा! ऊब आहे रे. कुठलं कापड?"

"जुनं होतं."

"जुनं तेच चांगलं," काका म्हणाले. आम्ही दोघंही समाधानी होतो. माणसाने अशा वेळी मरावं.

रविवारी संध्याकाळी सभा. सकाळी काकांनी कपाट उघडलं आणि घरातून असा आवाज आला, जसा चिकूच्या झाडावरून माणूस पडल्यावर येतो. त्यांनी तडक तलासरीला फोन लावला.

"सुषमा! तळाची शाल कुणाला दिलीस?"

"मी कशाला देऊ?"

"तू लग्नात शाली वाटतेस!"

"परवा विवळवेढ्याला एक दिली खरी, नवऱ्यामुलाच्या आजोबांना. पण ती..."

काकांनी 'पण'च्या आधीच फोन ठेवला होता. मला मोटारसायकल काढायला लावली. विवळवेढ्याला पोचलो तर आजोबा अंगणात शाल पांघरून उन्हात बसलेले.

"आजोबा, शाल जरा बघू," काका म्हणाले.

"बघा. लांबून."

"हातात द्या की."

"हातात कशाला? दिलेली शाल परत मागायला आलेला पहिलाच माणूस बघतोय मी!"

तीस वर्षं शाल परत मागत आलेल्या माणसाला हे फार लागलं. काकांनी शालीचं टोक धरलं, आजोबांनी दुसरं धरलं. मधे मी. "ही नाही!" काका अखेर ओरडले. "आमची मरून होती! दुपदरी, जरीकाठी आणि कोपऱ्यात भज्यांचा डाग! एका पाहुण्यांनी सत्कार चालू असतानाच खाल्ली होती."

तो डाग मीच तुषारला आत घ्यायला सांगितला होता.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही घरी जाऊन दाढी करा. शाल मी आणतो."

"कुठून?"

"माहिती काढलीय."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणी वारसाकडे बघतं. म्हणाले, "पीयूष, एक दिवसच रे. एक फोटो. मग परतच करायचीय." आणि मान फिरवून मोटारसायकलवर बसले.

वाडीत भुऱ्या शेकोटीपाशी कोट घालून पसरला होता. मी बक्कलाला हात लावला. गेल्या दोन वर्षांत रानडुकरावरसुद्धा न भुंकलेला तो कुत्रा माझ्यावर भुंकला!

"आता नाय देत तो," सुक्या म्हणाला. "इज्जत मिळाली की कोन सोडतो?"

"सुक्याकाका, काहीतरी करा!"

"तुमचा स्वेटर काढून द्या, बदल्यात."

दिला. भुऱ्याने हुंगला आणि माझ्याकडे दयेने बघितलं. मग सुके बोंबील आणले. त्याने बोंबील खाल्ले, कोट अंगाखाली घेतला आणि झोपला. शेवटी सुक्याने त्याला कुशीत घेऊन गाणं म्हटलं, मी बक्कल सोडलं, कोट ओढून पळालो, आणि भुऱ्या वाडीभर माझ्या मागे.

घरात दार लावून ब्लेडने रेक्झिन उसवलं. खाली उरली ती सोसायटीची शाल : मधे गळ्याचं एक भोक, शेजारी दोन छोटी, आणि लोंबणारा पट्टा. तुषारची शिलाई इतकी पक्की की पट्टा निघेना. मी भोकं आत जातील अशी घडी घातली, इस्त्री केली आणि अगरबत्तीची धुरी दिली. अगरबत्ती आणि कुत्रा एकत्र आले, की देवळाबाहेर झोपलेल्या कुत्र्याचा वास येतो. तो मला नाइलाजाने मंजूर करावा लागला.

घडी बघून काकांचे डोळे भरून आले. "सापडली!" ते म्हणाले. "कुठे होती?"

"सुरक्षित होती. उबेत."

मी घाईघाईने सांगितलं, की सोसायटीच्या अध्यक्षा हिरकणीमौशींनी घडी उघडायची नाही, तशीच खांद्यावर ठेवायची, आता शहरात असंच करतात. काका म्हणाले, "बरं, सांगतो." सत्काराच्या आनंदात माणूस काय सांगायचं ते विसरतो, हेही मला नंतर कळलं.

सभा देवळाच्या हॉलमध्ये. हिरकणीमौशी म्हणजे भारदस्त बाई. त्यांनी घडी हातात घेतली आणि कोळ्याने जाळं फेकावं तशी झटक्यात उघडली! भोकातून मागचा ट्यूबलाईट दिसला. मी खुर्चीखाली काही पडलंय का ते बघायला लागलो.

पण मौशी कोणाला ऐकणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी भोक बघितलं, काकांचं डोकं बघितलं, दोन्हींचा मेळ घातला आणि इलॅस्टिक ताणून काकांना शाल गळ्यातून घातली. काका भारावलेले, त्यांनी आपसूक हात दोन भोकांतून बाहेर काढले. मौशींनी खाली वाकून पोटावर बक्कल लावलं. टक्!

"नवीन पद्धत दिसतेय," प्रमुख पाहुणे प्रवीणसाहेब माईकमध्ये म्हणाले. "छान! घसरत नाही."

टाळ्या! आणि खरंच, ती शाल घसरली नाही. काका मान झुकवून "धन्यवाद, धन्यवाद" म्हणाले आणि शाल जागची हलली नाही. आमच्या सोसायटीच्या इतिहासात असा नीट सत्कार कोणाचाच झालेला नाही.

तेवढ्यात भुऱ्या आला. मधल्या वाटेने, सावकाश. स्टेजवर चढला, काकांचा पट्टा हुंगला आणि त्यांच्या पायाशी बसून त्यांच्याकडे असं एकटक बघायला लागला, जसं भाडेकरूकडे घरमालक बघतो. फोटो निघाला. काकांनी भुऱ्याकडे बघितलं. मग पट्ट्याकडे. मग भोकांतून बाहेर आलेल्या आपल्याच हातांकडे. मग त्यांनी मला शोधलं. मी अजून खुर्चीखालीच होतो.

काकांनी माईक घेतला. मला वाटलं, आता माझं नाव येणार. ते एवढंच म्हणाले, "आवडली." आणि खाली बसले.

स्टेजमागे चहा आला. मौशी अदबीने पुढे झाल्या. "गोविंदराव, राहू द्या सोसायटीकडे."

काकांनी बक्कलाला हात लावला. हळूच ओढून बघितलं. मग हात मागे घेतला.

"निघत नाही, मौशी," ते म्हणाले.

बक्कल दप्तराचं आहे, पहिलीतलं पोर सोडतं. मी हे बोललो नाही. मौशींनी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांनीही ओढून बघितलं नाही. म्हणाल्या, "चहा घ्या, थंड होतोय."

तेव्हापासून काका रोज पहाटे ती शाल घालून वाडीत फेरी मारतात. बक्कल स्वतः लावतात, स्वतः सोडतात. त्यांच्या मागून भुऱ्या उघड्या अंगाने खोकत चालतो. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त सांगितलं, "कुत्र्याचं तुझं तू बघ." म्हणून मी सोसायटीला रीतसर अर्ज दिला आहे. तो इथे सर्वांच्या माहितीसाठी देतो.

मा. अध्यक्षा महोदया यांस, सविनय. श्री. भुऱ्या (मुक्काम चिकूवाडी, नरपड) यांनी आयुष्यभर सभासदांच्या फळांची विनावेतन राखण केली असून अद्याप त्यांचा एकदाही सत्कार झालेला नाही. तरी येत्या सभेत योग्य ठराव करून त्यांना शाल प्रदान करावी, श्रीफळाऐवजी सुके बोंबील चालतील, आणि कार्यक्रमानंतर स्टेजच्या मागे त्यांच्याकडे शाल परत मागू नये, ही विनंती.