बॅलन्सचा पत्रा

आमच्या सोसायटीतले आहेर अण्णा गाडी गॅरेजला टाकायला जातात, तेव्हा सोबत खुर्ची घेऊन जातात.

घडीची खुर्ची. निळ्या-पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्यांची. एक पट्टी तुटलेली, तिथं सुतळी. मिस्त्री बॉनेट उघडतो, अण्णा खुर्ची उघडतात. गाडीपासून तीन फुटांवर ती मांडतात, थर्मास पायाशी ठेवतात, पेपर मांडीवर घेतात आणि मिस्त्रीला अभय देतात, "तुमचं चालू द्या. मी काही बोलत नाही. मी फक्त बसलोय."

यानंतर अण्णा गप्प राहिल्याचा विक्रम चार मिनिटांचा आहे.

"तेराचा पाना घेतलात. चौदाचा लागेल."

"काका, तेराचाच आहे तो नट."

"असेल, असेल. मी काही बोलत नाही."

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. उभी नोकरी त्यांनी कालव्याच्या काठावर खुर्ची टाकून काढली, त्यामुळे आपण नुसतं बसलो की समोरचं काम सरळ होतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं अगदी गंगापूर रोडच्या उच्चभ्रू वस्तीला शोभेल असं, पण पारा चढला की अहिराणी बाहेर येते. "गाडी मनी शे!", म्हणजे गाडी माझी आहे, अशी आरोळी ऐकू आली की समजावं, आणखी एक गॅरेज संपलं. एका मिस्त्रीनं तर मला फोन करून हात जोडले होते. म्हणाला, "साहेब, गाडी राहू द्या इथं. काका तेवढे घेऊन जा."

मला फोन का? कारण या सगळ्याला मीच जबाबदार होतो.

अण्णांची गाडी म्हणजे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची सख्खी बहीण. चौकोनी अंग, गोल दिवे, पुढं बाकासारखी सलग सीट आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला चिकटलेली. काकू होत्या तोवर दर रविवारी ती दोघं त्या गाडीतून कुठंतरी जायची. काकू गेल्या आणि अण्णांनी गाडीवर ताडपत्री टाकली. ती पाच वर्षं काढली नाही. ताडपत्रीखाली मांजरींच्या तीन पिढ्या सुखानं नांदल्या.

आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. नव्या सेक्रेटरीला काहीतरी करून दाखवायची खाज असते. पाण्याच्या टाकीच्या भानगडीत हात घालायची माझी छाती नव्हती, म्हणून मी सर्वांत निरुपद्रवी माणूस निवडला आणि अण्णांना नोटीस काढली. 'नादुरुस्त वाहन पंधरा दिवसांत आवारातून हलवावे.'

त्याच संध्याकाळी अण्णा नोटीस घेऊन दारात उभे.

"हलवू की," ते म्हणाले. "पण ढकलत नाही. चालवत. आणि सेक्रेटरी, नोटीस तुम्ही काढलीत, तेव्हा सोबत तुम्ही यायचं."

मी हो म्हणालो. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न होता. दोन वर्षं लागली.

पहिलं गॅरेज द्वारका चौकाजवळचं. तिथल्या मिस्त्रीनं उत्साहानं इंजिन उतरवलं, सगळं सुटं केलं, चार गोण्यांत भरलं आणि मेहुण्याच्या लग्नाला गेला. ते लग्न दोन महिने चाललं. तो परत आला तेव्हा गोण्या तीन होत्या.

"टेन्शन मत लो काका, चौथी में फालतू सामान था."

"फालतू होतं तर गाडी बनवणाऱ्यानं आत कशाला घातलं?" अण्णांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता, पण त्यानं गोणी मिळाली नाही. ती मला मिळाली. शेजारच्या रसवंतीवाल्यानं आपली गाडी घरंगळू नये म्हणून ती तिच्या चाकाखाली घातली होती. मी विजयी मुद्रेनं गोणी ओढली आणि रसवंती माझ्या अंगावर आली. उसाच्या रसानं भिजलेला मी आणि ग्रीसनं माखलेली गोणी असे दोघं गॅरेजात शिरलो, तेव्हा अण्णांनी आधी गोणीची विचारपूस केली.

मग रंग. पेंटरनं शेडकार्ड पुढं केलं. अण्णांनी सगळे रंग नापास केले. "हे नुसते पांढरे आहेत. मला सायीचा रंग हवा. सायीचा." आणि दुसऱ्या दिवशी, भर मे महिन्यात, ते घरून साय घेऊन गेले. स्टीलच्या वाटीत, वर बशी झाकून. पेंटरच्या हातात दुसरी गाडी होती. "ठेवा तिथं, काका," तो म्हणाला. वाटी तिथं राहिली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मग तो ती घेऊन रंगाच्या दुकानात गेला. पेंटर कामाचा अतिशय सच्चा. वाटीत जे होतं त्याच्याशी त्यानं रंग थेंबाथेंबानं जुळवला. रंग मारायच्या खोलीत खुर्चीला परवानगी नव्हती, त्यामुळे अण्णांनी गाडी पाहिली ती एकदम तयार झाल्यावरच.

गाडी पिठल्याच्या रंगाची झाली होती.

"तुमच्या वाटीतलाच कलर दिलाय काका," पेंटर म्हणाला. "ही वाटी. जुळवून बघा."

अण्णांनी नाक दाबून वाटी दाराला लावली. जुळत होता. मी म्हणालो, "अण्णा, वरून थोडी कोथिंबीर भुरभुरू." ते माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत.

मलाही दिवे पाजळायचे होतेच. मी अंबडला एका कंपनीत पर्चेसमध्ये नोकरीला, खरेदीतला माणूस म्हणून माझा सोसायटीत दबदबा. दारांची हँडलं आणायला अण्णांनी मला मालेगावला पाठवलं. जुन्या बाजारात चार तास घासाघीस करून मी एक सुरेख जोडी आणली. दोन्ही डावी निघाली. उजव्या दाराचं हँडल आजही उलटं फिरतं, आणि गाडीत बसलेल्या प्रत्येक माणसाला अण्णा त्याचं कारण माझ्या हुद्द्यासकट सांगतात.

पण एक सांगतो, यातल्या कुठल्याही कारणानं अण्णांनी गॅरेज सोडलं नाही. गोणी हरवली, ते रागावले, पण राहिले. पिठलं झालं, तेही गिळलं. प्रत्येक गॅरेज संपलं ते एकाच जागी. डाव्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेचा जो पत्रा असतो, तिथं.

तो पत्रा सडला होता. पहिल्या मिस्त्रीनं सांगितलं, कापून नवा टाकू. अण्णा खुर्चीतून उठले. "त्याला हात लावायचा नाही. बाकी सगळं बदला."

"का पण?"

"बॅलन्सचा पत्रा आहे तो. गाडीचा सगळा बॅलन्स त्याच्यावर आहे."

असा पत्रा कुठल्याही गाडीत नसतो, हे मलासुद्धा कळत होतं. मिस्त्री हसले, अण्णा पेटले, "गाडी मनी शे!" झालं, आणि आम्ही गाडी दोरीला बांधून पुढच्या गॅरेजला. तीन ठिकाणी हेच. मी खोदून खोदून विचारलं. "पर्चेसवाल्यांना नाही कळायचं ते," एवढंच उत्तर.

चौथे भेटले निकम मिस्त्री. नांदगावकडचे, अबोल, खांद्यावर कायम फडकं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि बॅटरी अण्णांच्या हातात दिली. "काका, बसलेच हे तर उजेड दावा." अण्णांना आजवर एकाही गॅरेजात कुणी काम सांगितलं नव्हतं. ते खुर्चीत ताठ बसून उजेड दाखवू लागले. निकमांनी चार महिन्यांत इंजिन उभं केलं, ब्रेक केले, वायरिंग केलं. राहता राहिला पत्रा.

"त्याचं शेवटी बघू," निकम म्हणाले. अण्णांनी बॅटरी विझवली.

आणि नेमकं तेव्हा अण्णांना भाचीच्या साखरपुड्याला सटाण्याला दोन दिवस जावं लागलं. जाताना त्यांनी खुर्ची आणि थर्मास माझ्या ताब्यात दिले.

"काही बोलायचं नाही, सेक्रेटरी. फक्त बसायचं."

मी बसलो. मित्रहो, त्या खुर्चीत काहीतरी आहे. बसल्यापासून दहा मिनिटांत मला गाड्यांतलं कळायला लागलं. निकमांनी मला वाकायला लावून तो पत्रा दाखवला. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. "लय सडलाय साहेब. हितं कुणी बसलं आन् पाय ठिवला, तर पाय रस्त्यावर. मी आशी गाडी देनार नाय. म्हातारं मानूस हे, तुम्हीच काय ते सांगा."

मी अण्णांच्या भल्याचा विचार केला. गाडी तयार दिसल्यावर त्यांचा चेहरा कसा फुलेल, तेही डोळ्यांसमोर आणलं. घोट घेऊन थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणालो, "कापा."

संध्याकाळपर्यंत नवाकोरा, सपाट, काळा पत्रा बसला. जुना भंगारवाला घेऊन गेला. मी नव्या पत्र्यावर बूट आपटून पाहिला. काय आवाज होता!

अण्णा परतले ते पिशवीत साखरपुड्याचे लाडू घेऊन थेट गॅरेजातच. मी डावं दार उघडून एखाद्या जादूगारासारखा बाजूला झालो. अण्णा वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी आरोळीची वाट पाहत होतो. निकमांनी तर पाने आवरूनसुद्धा घेतले होते.

आरोळी आली नाही. अण्णांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि गाडीकडे पाठ करून बसले. गाडीकडे पाठ! दोन वर्षांत पहिल्यांदा. लाडवांची पिशवी मांडीवर तशीच.

"तिथं खळगा होता," ते म्हणाले.

"गंज होता अण्णा. पाय गेला असता खाली."

"खळगा होता. टाचेएवढा." ते रस्त्याकडे बघत राहिले. "हिला माझ्या गाडी चालवण्याचा भरवसा नव्हता. पुढं ट्रक दिसला की ही तिकडून पाय दाबायची. ब्रेक असल्यासारखा. तोंडानं म्हणायची, मी काही बोलत नाही, मी फक्त बसलेय. आणि खाली ठक्. लग्नापासून हेच. आधी मॅट फाटली, मग पत्रा दबला."

"आणि तुम्ही?"

"मी काय. ठक् वाजलं की गिअर उतरवायचो. तिच्या ब्रेकवरच चालायची गाडी."

मी जे मला नेहमी सुचतं ते केलं, म्हणजे धावाधाव. निकम आणि मी भंगारवाल्याकडे गेलो. पत्र्यांचा डोंगर होता तिथं. पार काळोख पडायच्या आत आम्ही सात तुकडे निवडून आणले. अण्णांनी चष्मा लावला. एकेका तुकड्यावरून अंगठा फिरवला, अगदी न्यायाधीशासारखा.

"हा मडगार्डचा... हा कूलरचा दिसतो... हा तर तेलाचा डबा आहे, सेक्रेटरी." सातवा त्यांनी जरा जास्त वेळ धरला. मग खाली ठेवला. "यात नाही. राहू द्या. लाडू खा."

निकम मान खाली घालून लाडू खात होते. मी माझा खिशात घातला.

आठवड्यानं गाडी तयार झाली. अण्णांनी खुर्ची डिकीत टाकली, पिठल्याच्या रंगाच्या टपावरून हात फिरवला आणि उलटं हँडल फिरवून आत बसले. मी नेहमीप्रमाणे माझी स्कूटर काढायला निघालो.

"सेक्रेटरी," त्यांनी आतून हाक मारली. "इकडं बसा."

मी डावीकडे बसलो. पाय कुठं ठेवावेत तेच कळेना. नवा पत्रा पायाखाली अपराधासारखा सपाट होता.

आता अण्णांच्या गाडी चालवण्याविषयी काकूंचं मत किती योग्य होतं, ते मला शंभर पावलांत कळलं. द्वारकेच्या चौकात एकीकडून बस, दुसरीकडून कांद्याचा ट्रॅक्टर, मध्ये चार रिक्षा, आणि अण्णा सगळ्यांच्या मधून कालव्याचं पाणी सोडल्यासारखे सुटलेले. ट्रॅक्टरचं मागचं चाक माझ्या खिडकीएवढं झालं. देवाचं नाव आठवेना, पण पाय आपोआप गेला. मी जीव खाऊन पत्र्यावर दाबला.

ठक्.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. भर द्वारकेत, समोर ट्रॅक्टर असताना! मग हळूच पुढं पाहिलं.

"जरा पुढं दाबायची ती," ते म्हणाले. "आणि चवड्यानं नाही. टाचेनं."

मी पाय पुढं सरकवला. टाच टेकवली. ठक्.

"आता म्हणा."

"काय म्हणू?"

अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. ट्रॅक्टर अजून तिथंच होता. मला एकदम उमगलं.

"मी काही बोलत नाही अण्णा," मी म्हणालो. "मी फक्त बसलोय."

अण्णांनी लगेच गिअर उतरवला.