सव्वाशे फुटांचा कडुनिंब

महिपतचं ठाम मत होतं, की जगातली निम्मी नुकसानी अंदाजाने होते आणि उरलेली निम्मी त्याचं न ऐकल्याने. जैनथजवळच्या त्या गावात त्याचं ऐकणारं मात्र घरातही कोणी नव्हतं.

अंगणात एक कडुनिंब होता, शेडच्या बाजूला कललेला. ती टिनाची शेड म्हणजे महिपतच्या बायकोचा, कौशल्याबाईचा, जीव. दोन वर्षं नवऱ्यामागे भुणभुण लावून तिने ती उभी करून घेतली होती आणि यंदाचा सगळा कापूस तिच्यात भरला होता. होळीनंतरच्या वादळात निंबाची फांदी मोडली, तशी महिपतची झोप उडाली. झाडच शेडवर पडलं तर? त्याने तोडायची परवानगी काढली आणि झाडं तोडणाऱ्या पंढरीला बोलावलं.

पंढरी आला, झाडाकडे पाठ करून कमरेत वाकला आणि आपल्याच दोन पायांमधून शेंडा शोधत पुढे सरकू लागला. शेंडा दिसला तिथे थांबला. तिथून बुंधा जितका लांब तितकं झाड उंच, ही त्याच्या बापाच्या वेळेपासूनची रीत.

"छत्तीस फूट," तो वाकलेलाच बोलला.

नेमके त्याच वेळी लेकीचे, शीतलचे, सासरे भगवंतराव बोथहून आले, आणि व्याह्यांना पहिलं दर्शन घडलं ते पंढरीच्या पार्श्वभागाचं! महिपत लाजेने अर्धा झाला. असलं मोजमाप आपल्या अंगणात चालणार नाही, आपण शास्त्राने मोजू, असं त्याने जाहीर केलं. शास्त्र त्याने मोबाईलवर पाहिलं होतं. झाडाची सावली मोजायची, मग पाच फुटी काठीची मोजायची. काठी आपल्या सावलीच्या जितकी पट, तितकंच झाड त्याच्या सावलीच्या पट.

सकाळच्या उन्हात झाडाची सावली भरली पन्नास फूट. आता काठी रोवायची, तर कौशल्याबाईने ताटं वाढली. व्याही पाटावर आणि यजमान अंगणात, हे काही शोभत नाही. मग आग्रह झाला, नको-नको झालं, वर आणखी एक पोळी झाली, पान झालं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा महिपतने ढेकर देत काठी रोवली. सावली दोनच फूट!

काठी अडीचपट, म्हणजे झाड सव्वाशे फूट. आकडा ऐकून महिपत स्वतःच दोन पावलं मागे सरकला.

"सकाळी तं एवढं नव्हतं," कौशल्याबाई झाडाकडे बघत म्हणाली.

पण भगवंतरावांनी मान डोलावली, आणि व्याह्यांनी मान्य केलेल्या गोष्टीत बायकोचं मत विचारात घ्यायची पद्धत त्या घरात नव्हती. पंढरी एवढंच म्हणाला, की झाड कललंय तिकडेच पडणार. शेड बुंध्यापासून साठ फुटांवर. सव्वाशे फुटांत शेड येत होती, शेजारच्या आशाबाईचं घर येत होतं, मारुतीच्या देवळाचा ओटाही येत होता. आशाबाईने म्हैस, टीव्ही आणि वाळत घातलेले पापड घेऊन थेट शिवार गाठलं. देवाला काय सांगायचं, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी नारळ फोडून त्याची आगाऊ माफी मागण्यात आली.

राहिली शेड. ती वाचवायचा एकच उपाय महिपतला दिसत होता, तो म्हणजे ती खोलून ठेवणं.

"दोन वर्षं मांगं लागली तवा उभी झाली," कौशल्याबाई म्हणाली, "अन् तुमी एका दुपारी पाडून राह्यले?"

"पाडत नाई. वाचवून राह्यलो."

चार वाजेपर्यंत टिनं उतरली. उतरताना तीन वाकली, दोन खांब मोडले, गंजलेल्या बोल्टांनी तर जीवच सोडला. कापूस शाळेच्या ओसरीत गेला. मग पंढरीने करवत लावली आणि निंब कडाडून आडवा झाला. धूळ बसली. शेंडा पडला होता तिथून शेडचे रिकामे खड्डे चांगले चोवीस फूट लांब होते.

पंढरीने बुंध्यापासून शेंड्यापर्यंत टेप धरली आणि ती महिपतला दाखवली. भगवंतरावांना एकाएकी बोथची शेवटची बस आठवली.

कौशल्याबाई वाकलेल्या टिनावर बसली. तिने झाडाकडे पाहिलं, खड्ड्यांकडे पाहिलं, मनात वजाबाकी केली.

"म्हंजे ते वादळात पडलं असतं, तरी शेडले लागलं नसतं?"

महिपत टेप गुंडाळू लागला.

"पर एक झालं," तो म्हणाला. "आता वादळ येवो का काई येवो, भेव कायचंच नाई राह्यलं."

"हाय ना," कौशल्याबाई उठत म्हणाली. "मी हाय अजून."