आजची प्रतिबिंबं संपली

उदगीरच्या मलकाप्पा हलकुडे यांच्या साडीच्या दुकानातला आरसा मंगळवारी दुपारी माणसं दाखवायचा थांबला. मागची कपाटं, छताचा पंखा, गादीवर पसरलेल्या साड्या, सगळं त्यात नीट दिसत होतं. फक्त समोर शालू नेसून उभी असलेली नवरी, कावेरी, दिसत नव्हती. खाली बारीक अक्षरं उमटली होती: ‘आपला वापर पूर्ण झाला आहे.’

“दुपारचा बंद असतो का हो, अप्पा?” कावेरीच्या आत्यानं, बायजाक्कानं विचारलं.

“छे, नवाच आहे. दमला असेल,” असं म्हणून मलकाप्पांनी सगळ्यांसाठी उसाचा रस सांगितला. वाढवणा गावच्या बिरादारांचा लग्नाचा बस्ता होता. त्यांच्या घरच्या तीन पिढ्यांतल्या मुलींनी लग्नाचा शालू याच दुकानातून नेला होता. हा बस्ता उठला असता तर त्याच्यामागे अख्खं गाव उठलं असतं. आणि समोरचा दुकानदार आत्ताच आपल्या दुकानाच्या पायरीवर येऊन उगाच हसत उभा होता.

मलकाप्पांनी आरशाच्या कंपनीला फोन लावला.

“ताई, मी आरसा विकत घेतलाय. भाड्यानं नाही आणला.”

“बरोबर आहे सर. काच नि चौकट तुमचीच,” पलीकडची बाई म्हणाली. “प्रतिबिंब सॉफ्टवेअरमधून येतं. त्याचा फक्त परवाना असतो.”

“खोक्यावर ‘अमर्याद’ छापलंय.”

“अमर्यादच आहे सर. वाजवी वापरापर्यंत.”

“वाजवी म्हणजे किती?”

“ते आम्ही सांगत नाही. सांगितलं की लोक तेवढं वापरून टाकतात.”

धंद्याच्या दृष्टीनं हे उत्तर मलकाप्पांना मनातून आवडलं. तरी ते म्हणाले, “पण वापर केला कुणी? गिऱ्हाईक आत्ता कुठं यायला लागलंय.”

“रस्त्यानं जाणारे भांग पाडून जातात, ते धरले जातात. बायका वळून पाठ बघतात, पाठ वेगळी धरली जाते. शिवाय तुमच्याकडचं कुणीतरी दात बघतं, सर. बराच वेळ बघतं.”

मलकाप्पांनी नोकराकडे, गंगाधरकडे पाहिलं. गंगाधरनं तोंड मिटलं.

“ताई, आमच्या वडिलांनी एक म्हैस घेतली होती,” मलकाप्पा काउंटरला रेलून म्हणाले. “झकास म्हैस. पण जुनी मालकीण समोर दिसल्याशिवाय पान्हवायची नाही. वडील रोज धारेच्या वेळी त्या बाईला सायकलवर डबलसीट आणायचे. म्हैस आमची, पान्हा तिचा! आई जेवढी त्या म्हशीवर चिडली, तेवढी कुणावर चिडली नाही.”

“आमचंही तसंच आहे, सर,” बाई मोकळेपणानं म्हणाली. “एक करता येईल. मालक म्हणून तुमचा वेगळा वाटा असतो. तो जवळजवळ सगळा पडून आहे. तुम्ही स्वतःकडे बघितलेलंच नाही.”

“सवड कुठाय?”

“मग तो ग्राहकाकडे वळवू?”

“वळवा की!”

आरसा उजळला. आत मलकाप्पा उभे होते. कपाळावर भस्म, भरघोस मिशा, आणि अंगावर डाळिंबी शालू. कावेरी वळली तसे ते वळले. तिनं पदर उचलला, त्यांनीही उचलला. खरे मलकाप्पा फोन कानाला लावून काउंटरपाशीच होते.

“वाटा ज्याचा, प्रतिबिंबही त्याचंच येणार,” बाई म्हणाली. “साडी मात्र ग्राहकाची दिसेल. आणखी काही सेवा?”

समोरचा दुकानदार एक पायरी खाली उतरला. बायजाक्कानं चष्मा लावला. साडीच्या दुकानात पुरुषानं अंगावर पदर टाकून दाखवण्यात तसं नवल काही नव्हतं. गंगाधर सकाळपासून तेच करत होता.

“काठ चांगला बसलाय,” कावेरी बारकाईनं बघत म्हणाली. “पण आत्या, निऱ्या पोटावर फुगल्यासारख्या वाटतात.”

“अगं, ते पोट अप्पांचं आहे. ते सोडून बघ.”

कावेरीनं पोट सोडून पाहिलं. “मग बराय. तरी रंग...”

मलकाप्पाही पुढं येऊन बघू लागले. या माणसाला आपण इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं, बरा होता. “हिरवा नेसून बघ, बाळ,” ते म्हणाले. “हिरवा मला जास्त खुलेल.”

कावेरी आतल्या खोलीत जाऊन हिरवा शालू नेसून आली. आरशातले मलकाप्पा पदर सावरून किंचित लाजले, आणि सगळ्या बायका एकदम “हां!” म्हणाल्या.

“हाच बांधा,” बायजाक्का म्हणाली. “ज्यात अप्पा असे दिसतात, त्यात आमची पोरगी कशी दिसेल!”

समोरचा दुकानदार पायऱ्या चढून आत गेला. गंगाधरनं बस्ता बांधायला घेतला.

“उद्या नवरदेवाला आणते शेरवानी बघायला,” निघताना बायजाक्का म्हणाली. “चालेल ना?”

“आणा की,” मलकाप्पा हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले. “फक्त सकाळी आणा. तेव्हा माझी दाढी ताजी केलेली असते.”