एका घासाला सत्तर

जेवतो आपण सारेच, पण लटारूभाऊंचं जेवण पाहायला लोक उभे राहत. बायको गुणाबाई भात वाढून वरणासाठी वळायची, वरण घेऊन परत फिरायची, तोवर ताट रिकामं. (एकदा तर तिला वाटलं, आपण वाढलंच नाही. बिचारीनं पुन्हा वाढलं. तेही गेलं.) सात भावांत एका परातीत जेवून मोठा झालेला माणूस. जो थांबला तो उपाशी राहिला, एवढं त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

घरातल्या घरात कोणाला काय? पण चिमूरच्या एका लग्नात घोटाळा झाला. आमच्याकडे रीत अशी, की पंगतीतला एक उठला की सारी पंगत उठते. लटारूभाऊ आपलं आटोपून, ढेकर देऊन, सवयीनं उठले. साठ माणसांच्या पत्रावळीवर बुंदी तेव्हा नुकतीच पडत होती. साठच्या साठ माणसं बुंदीकडे वळून वळून पाहत उठली.

आता नशीब पाहा. त्या साठांत चामोर्शीचा सुकलूभाऊ बसला होता. आणि तीन वर्षांनी त्याच सुकलूभाऊच्या प्रणितसाठी लटारूभाऊंच्या दिव्यानीला मागणी आली. पोरापोरीनं एकमेकांना पाहिलं, दोघंही हसली, सारं जुळलं. मग गुणाबाईला सुकलूभाऊचा फोन आला.

"पोरगी आमाले पसंत हाय. पण पोरीचा बाप मले चिमूरले दिसला होता. एक डाव आमच्या घरी पंगतीत बसू द्या त्याले. मंग बोलू."

दिव्यानी त्या दिवशी जेवली नाही. बापाकडे पाहून एवढंच म्हणाली, "बाबा, माह्यं लगन तुमच्या हातात हाय." आणि लटारूभाऊंच्या हातात तेव्हा घास होता.

गुणाबाईनं ठरवलं, पंधरा दिवसांत नवऱ्याची सवय मोडायची. धाकट्या मयुरीनं मोबाइलवर पाहून सांगितलं, "एक घास बत्तीसदा चावाचा."

"माह्ये दातच एकोणीस हायेत," लटारूभाऊ म्हणाले.

"मंग तेरा दाताइले दोनदा कामाले लावा," गुणाबाई म्हणाली. "पण मोजा."

हे 'मोजा' म्हणणंच नडलं. लटारूभाऊ शाळेत गेले नव्हते. त्यांना मोजणं शिकवलं तेंदूपत्त्यानं. चाळीस उन्हाळे जंगलात पानं तोडून पुडे बांधलेले, अन् एका पुड्यात पानं सत्तर. एक जरी कमी भरलं तरी पानं मोजून घेणारा मुनशी पुडा फेकून देतो. त्यामुळे त्यांची मोजणी एकदा सुरू झाली की सत्तरशिवाय थांबतच नसे. बत्तीस यायचे आणि शर्यतीतल्या बैलासारखे पुढं निघून जायचे. घरी सरावाला ते एकच घास असा घेत, बाकीचं ताट जुन्या पद्धतीनं उडवत. म्हणून गुणाबाईला पत्ताच लागला नाही.

पंगतीचा दिवस उगवला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून घरच्या धानाच्या बांधीतल्या तांदळाची चुंगडी पाठीवर घेऊन मंडळी चामोर्शीला पोचली. तिथं चाळीस पानांची पंगत. गुणाबाईला बाहेर बसवेना. तिनं पदर खोचला आणि सुकलूभाऊच्या मंगलीबाईबरोबर चुलीशी लागली.

लटारूभाऊंनी पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. एक, दोन, तीन...

"माणूस सुधरला बाप्पा!" सुकलूभाऊ शेजाऱ्याच्या कानात म्हणाला.

तिसऱ्या घासापर्यंत सारी पंगत कौतुकानं पाहत होती. दहाव्या घासाला लोकांची जेवणं झाली. पण उठणार कसं? एक उठला की सारे उठणार, अन् पाहुणे लटारूभाऊ तर जेवत होते ना! पंधराव्या घासाला लोकांच्या बोटांवरचं वरण वाळलं. दुसऱ्या पंगतीची माणसं दारात पोट धरून उभी. सुकलूभाऊचा डावा पाय केव्हाचा बधिर झालेला.

"घाई नाई, लटारूभाऊ," तो म्हणाला, "पण बैलं पाण्यावर न्याचे हायेत."

लटारूभाऊंनी मान हलवली. अठ्ठावीस, एकोणतीस...

त्यांचं काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक. चाळिसाच्या पुढं गेलं की भात गोड लागत होता. आधी वाटलं, कोणी साखर घातली. साठाच्या पुढं तर धान निसवताना पहाटे बांधीवर जो वास येतो, तोच तोंडात उतरला. पंचावन्न वर्षं माणूस भातावर जगला. रोवला, कापला, कुटला, खाल्ला, आणि भाताला चव असते हे त्याला आज कळावं! डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. पंगत वाकून पाहू लागली. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले.

"काऊन जी? ठसका लागला काय?" सुकलूभाऊ घाबरला.

सत्तर पुरे करून, गिळून मग लटारूभाऊ बोलले. "कोण्या बांधीचे तांदूळ हायेत हे, सुकलूभाऊ? असा भात मी जनमात नाई खाल्ला. आमच्या घरी बी रोज भातच असते, पण नुसता पोटात ढकलाचा. बाईले किती वर्षांपासून सांगून राह्यलो, कोणाजवळ तरी भात शिक म्हणून!"

आत काहीतरी दणकन आपटलं. मंगलीबाई दारात आली. तोंडाला पदर.

"तांदूळ तुमच्याच चुंगडीतले, भाऊ. अन् चुलीवरचा भाताचा गंज बी तुमच्या गुणाबाईनंच उतरवला."

चाळीस माणसं अशी हसली की छपरावरची चिमणी उडाली. सुकलूभाऊ डोळे पुसत ओरडला, "झाली सोयरीक! इवाई झालो आपण! पोरगी आमची! आता तेवढे उठा जी, माह्या पाय मेला!"

पण लटारूभाऊ मंगलीबाईच्या मागं उभ्या गुणाबाईकडे पाहत होते. तीस वर्षं ही बाई रोज हे रांधत होती? त्यांनी तिच्या मानासाठी, दोन्ही डोळे मिटून, आणखी एक घास घेतला.

पंगत आता श्वास रोखून मोजायला लागली. चौसष्ट... पासष्ट... सहासष्ट...

"अवो, उठा ना आता!" गुणाबाई कडाडली. "सारे तुमच्यापायी अडकले हायेत!"

लटारूभाऊ दचकले. आकडा चुकला.

आणि मुनशीनं फेकलेला पुडा पहिल्या पानापासून बांधावा, तसे ते पुन्हा एकपासून सुरू झाले.