शेजाऱ्यांच्या ओव्हनमधला रविवार

रविवारचं बीफ भाजणं यात काही विशेष नाही, असं माझं ठाम मत होतं. मी हॅलिफॅक्सच्या चढउतारांवर सव्वीस वर्षं बस चालवली आहे. बर्फात, धुक्यात, शाळेची पोरं भरून. मांसाचा एक तुकडा ओव्हनमध्ये ठेवायचा आणि वेळेवर बाहेर काढायचा, याला काय अक्कल लागते? हे मी बायकोला, म्हणजे ग्लेनिसला, बोलूनही दाखवलं.

बोलायला कारण झालं होतं. सासरे जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून सासूबाई, एडना, रविवारी कुणाकडेही जेवायला जात नव्हत्या. ज्या बाईने चाळीस वर्षं दर रविवारी भरलेलं टेबल मांडलं, ती आता स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ब्रेड-चीज खायची. ग्लेनिसने फार मिनतवाऱ्या करून त्यांना या रविवारी यायला तयार केलं, आणि गुरुवारी जिन्यावरून घसरून उजवं मनगट मोडून घेतलं.

"मग राहू दे," सासूबाई फोनवर म्हणाल्या. त्यांना निमित्तच हवं होतं.

मी फोन ग्लेनिसच्या हातातून घेतला. "आई, तुम्ही या. एक वाजता टेबलावर. स्वयंपाक मी करणार."

मग त्या म्हणाल्या, "लिओनार्ड, तू?" एकोणीस वर्षांत त्यांनी माझं कौतुक म्हणून केलेलं नव्हतं. सगळं जग मला लेन म्हणतं. पूर्ण नाव त्या आरोपीला पुकारल्यासारखं घेतात.

रविवारी मी सहाला उठलो. सासूबाईंची नजर कुठे कुठे जाते हे ठाऊक असल्याने ओटा घासला, शेगडी घासली, भिंतसुद्धा पुसली. पुडिंगचं, म्हणजे बीफबरोबर खायच्या खाऱ्या, फुगणाऱ्या वाट्यांचं, पीठ फेटून ठेवलं, बटाटे अर्धवट उकडण्यासाठी सोलून ठेवले. साडेदहाला बीफ ओव्हनमध्ये गेलं. मी पेपर घेऊन बसलो. मनात म्हटलं, बायका उगाच याचा एवढा बाऊ करतात.

सव्वाअकराला ग्लेनिस आत आली. "लेन, वास कसा येत नाही?"

"ओव्हनचं दार घट्ट आहे."

तिने डाव्या हाताने ते उघडलं. आत बीफ गार पडलेलं, गुलाबी, खाटकाने दिलं तसंच. शेगडीही गार. मी ओव्हनवरची सगळी बटणं फिरवून पाहिली. ओव्हन ढिम्म.

"आईला फोन करते," ग्लेनिस म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता ती परत कधी यायची नाही."

"कुणाला फोन करायचा नाही," मी म्हणालो, बीफचं ताट उचललं आणि शेजारच्या मिसेस प्लॅटच्या दारात गेलो. विनी प्लॅट विधवा बाई, स्वभावाने गोड, कानाने जरा कमी.

"विनीबाई, जेवणाचा प्रश्न आहे. एक वाजता जेवायला बसायचंय. तुमच्या ओव्हनमध्ये हे भाजून मिळेल का? गाजरं-कोबीही पाठवतो."

त्यांचा चेहरा उजळला. "अरे, किती चांगला तू. पण माझ्याकडे आज पाद्रीसाहेब आहेत जेवायला. आणि मेव्हिस, माझी बहीण."

"काही हरकत नाही," मी म्हणालो. मला वाटलं, पाद्रीसाहेबांमुळे ओव्हनमध्ये जागा कमी आहे असं त्या सांगतायत.

बटाटे आणि पुडिंगचं पीठ घेऊन मी रस्ता ओलांडून होरेस ग्लेडहिलकडे गेलो. होरेस एकटा राहतो आणि दिवसभर खिडकीत उभा राहून गल्लीवर पहारा करतो.

"पुडिंग बरोबर साडेबाराला घाल," मी बजावलं. "चरबी धुरावली की मगच पीठ ओत. आणि एक वाजता टेबलावर."

"एक वाजता? येतो की," होरेस म्हणाला. "नुसता हात हलवत नाही यायचो."

हे मी ऐकलं. पण त्यावेळी मी फक्त बटाट्यांचा विचार करत होतो. इथेच चुकलं.

पुढचा तासभर मी ॲप्रन बांधून गल्लीतून धावत होतो. इकडे बीफवर चरबी सोड, तिकडे बटाटे उलट, पुन्हा इकडे. बारा पन्नासला बटाट्यांचा तापलेला ट्रे घेऊन होरेसच्या घरातून निघालो आणि रस्त्याच्या मध्यावर आलो, तोच कोपऱ्यावर बस थांबली आणि सासूबाई उतरल्या. काळा कोट, टोपी, हातात पर्स. त्यांना पाहून मी दचकलो, ट्रे कलला, चार बटाटे उतारावरून निघाले. खालून पाद्रीसाहेब चढत होते. त्यांनी शांतपणे पाय आडवा घालून तीन अडवले. चौथा चर्चच्या दिशेने गेला.

"लिओनार्ड," सासूबाई म्हणाल्या, "जेवण रस्त्यावर आहे का?"

"घरातच आहे, आई. येतंय हळूहळू."

एक वाजता दार वाजलं. विनीबाई बीफ घेऊन आल्या होत्या. मागे मेव्हिस गाजरं-कोबी आणि ग्रेव्ही घेऊन, मागे पाद्रीसाहेब. त्यांच्या मागे टाय लावून होरेस, एका हातात पुडिंगची टोपली, दुसऱ्या हातात घरच्या वाइनची बाटली. सगळे कोट काढायला लागले.

"तू बोलावलंस यांना?" ग्लेनिस कानात कुजबुजली.

"मला वाटतं, हो," मी म्हणालो.

टेबल तिघांचं मांडलेलं, माणसं सात. मी माळ्यावरून भिंतीला कागद चिकटवायचं घडीचं टेबल आणलं, त्यावर पलंगाची चादर घातली. होरेस शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसला. मी ताटल्या आणायला आत गेलो, तर सासूबाई भिंतीसमोर उभ्या. त्यांनी हात वर करून भिंतीवरचं, ओव्हनच्या विजेचं लाल बटण दाबलं. ओव्हनमध्ये दिवा लागला.

भिंत पुसताना मीच ते बंद केलं होतं.

"कुणाला सांगू नकोस," त्या हळूच म्हणाल्या.

"पण आई, या सगळ्यांना उगाच त्रास..."

"गप्प बस. सांगितलंस तर त्यांना अवघडल्यासारखं होईल. किती दिवसांनी सात ताटल्या मोजतेय मी." त्यांनी बटण पुन्हा बंद केलं, ताटल्या उचलल्या आणि बाहेर जाऊन सगळ्यांना कोण कुठे बसायचं ते सांगायला लागल्या.

आणि काय जेवण झालं म्हणून सांगू. बीफ मधोमध गुलाबी, कडेला कुरकुरीत. बटाटे बाहेरून काचेसारखे. पुडिंगं फुगून बिशपच्या टोपीएवढी, त्यात ग्रेव्हीची तळी. पाद्रीसाहेबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मेव्हिसने माझी पाठ थोपटली. होरेसची वाइन पिऊन सासूबाईंनी सासऱ्यांची एक जुनी फजिती सांगितली आणि हसता हसता डोळे पुसले. ग्लेनिसने टेबलाखाली माझा हात धरला. मी मांस कापत टेबलाच्या टोकाला असा उभा होतो, की जणू हॅलिफॅक्स शहर मीच वसवलंय.

निघताना सासूबाईंनी दारात टोपी नीट केली. "लेन," त्या म्हणाल्या. लेन! "पुडिंग उत्तम होतं. माझं कधी इतकं फुगलं नाही. पुढच्या रविवारी मी लवकर येते, माझ्यासमोर कर. मला शिकायचंय."

मी मान झुकवून ते स्वीकारलं. त्या गेल्यावर होरेसने मला बाजूला घेतलं.

"लेन, रागावू नकोस. फुगतंय का बघायला मी सारखा ओव्हन उघडत होतो, आणि तुझं सगळं बसलं. म्हणून फ्रीझरमध्ये दुकानातली पुडिंगं होती, ती तापवून आणली."

आज गुरुवार. माझा पुडिंगचा चौथा घाणा आत्ताच बाहेर आलाय, चपटाच. ग्लेनिस म्हणते, मनगट बरं झालं की या पुडिंगांना पट्टे शिवून देईन, बागेत घालायला चपला होतील.