दोड्डव्वाचं धड

शिवरंजनीनं हिरवा कपडा भिंतीला खिळ्यांनी ताणून बसवला, त्यापुढं लाकडी खुर्ची ठेवली आणि दोड्डव्वाला हाक मारली. दोड्डव्वा म्हणजे तिची मोठी चुलती इरम्मा. माहेर अक्कलकोटाकडचं, त्यामुळं अणदूरला नांदायला येऊन केस पांढरे झाले तरी घरातली नाती अजून कानडीतच होती. दोड्डव्वा आतल्या खोलीतून आली ती ठेवणीतली हिरवी इरकल नेसून, लाल पदर डोक्यावरून घेऊन आणि अंग साडीत नीट गुंडाळून. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. कपाळावर भस्माची तीन बोटं.

"असं चालंल का?"

"लई भारी दिसताय, दोड्डव्वा."

"शिनिमात जायाचं म्हनल्यावर माणसानं नीट जावं."

शिवरंजनी तुळजापूरच्या कॉलेजात पत्रकारिता शिकत होती आणि परीक्षेसाठी प्रत्येकानं एक लघुपट करून द्यायचा होता. तिच्या लघुपटात एक म्हातारी पाण्याच्या काठाला बसून, सोडून गेलेल्या लेकीची वाट बघते. पाणी बोरी धरणाचं हवं होतं, पण दोड्डव्वाचे गुडघे धरणाचा बांध उतरण्यातले नव्हते. त्यावर सरांनी उपाय सांगितला होता. माणसाला हिरव्या कपड्यापुढं बसवायचं आणि नंतर फोनमधल्या अ‍ॅपनं तो हिरवा कपडा काढून त्या जागी धरण घालायचं. हे कसं करायचं ते सरांनी ज्या तासाला शिकवलं, त्या तासाला शिवरंजनीची एस.टी. चुकली होती. मग तिनं एक व्हिडिओ बघितला, तोही डेटा संपत आल्यामुळं अर्धा.

दोड्डव्वानं काम मात्र जीव ओतून केलं. समोर बघत बसली, दोन्ही हात उचलून डोळे पुसले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी हितंच हाय गं. तू कवा येणार?"

शिवरंजनीनं फोन खाली घेतला. तिनं पुन्हा शूटिंग घेतलंच नाही.

दुपारी लाईट गेली. झळा नको म्हणून दारं लोटलेली, घरात अंधूक उजेड. शिवरंजनी जमिनीवर फोन घेऊन बसली आणि दोड्डव्वा तिच्या खांद्यावरून बघत मागं उभी राहिली. थंडीत धुक्यात काढलेला धरणाचा फोटो शिवरंजनीनं आधी घातला, मग अ‍ॅपमध्ये हिरवा रंग दाखवून बोट दाबलं.

भिंत गेली. धुकं आलं, करडं पाणी आलं. आणि त्या पाण्यावर दोड्डव्वाचं लाल पदर घेतलेलं नुसतं डोकं तरंगत होतं.

डोक्याखाली काही नव्हतं. मान जिथं संपत होती तिथून सरळ पाणी दिसत होतं. साडीचे लाल काठ तेवढे हवेत वळवळत होते, जसं काही कुणी नसलेल्या अंगाला सापानं वेढा घातलाय. मग त्या धुक्यातून मनगटं नसलेले दोन पंजे वर आले, डोक्यापर्यंत गेले आणि त्यांनी डोळे पुसले.

"मी हितंच हाय गं," डोकं म्हणालं. "तू कवा येणार?"

काहीतरी चुकलं असणार म्हणून शिवरंजनीनं अ‍ॅपमधली रंग कमी-जास्त करायची पट्टी जरा पुढं सरकवली, तर हनुवटी गेली. घाईनं आणखी सरकवली, तर अर्धा गाल विरघळला आणि एकच डोळा त्यांच्याकडं बघत राहिला.

"राहू दे," मागून दोड्डव्वा शांतपणे म्हणाली. "दिसलं मला."

"दोड्डव्वा, फोनचं काहीतरी झालंय."

"फोनला काय होतंय. फोन हाय तसा हाय."

संध्याकाळी दोड्डप्पा, म्हणजे दोड्डव्वाचे यजमान भीमाशंकर, रानातून आले. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, चित्र बघितलं, परत चष्मा पुसला. "यंत्र हाय. बिघडतंय," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. पण रोज बायकोशेजारी बाजेवर बसून चहा पिणारा माणूस त्या दिवशी दारात उभं राहूनच चहा प्याला.

यंत्रच बिघडलंय हे सिद्ध करायला शिवरंजनी दुसऱ्या सकाळी त्याच खुर्चीवर स्वतः बसली. गुलाबी ड्रेस, समोर फोन. अ‍ॅपमध्ये बघितलं तर ती अख्खी होती. धरणाच्या काठाला ऐसपैस बसलेली, पायाच्या नखापर्यंत. मग तिनं दोड्डप्पांना बसवलं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, सगळे दोड्डप्पा जागच्या जागी. उलट धुक्यात ते जरा रुबाबदारच दिसत होते.

"आता दोड्डव्वा," शिवरंजनी म्हणाली आणि तिचाच आवाज तिला परका वाटला.

दोड्डव्वा रोजची विटकी पोपटी साडी नेसली होती. ती बसली, उठली. तिघांनी डोकी एकत्र आणून फोनमध्ये बघितलं. या वेळी धड पुरतं गेलेलं नव्हतं. डोक्याखाली धुरासारखं काहीतरी होतं, मधूनच दिसायचं आणि मधूनच पाण्यात मिसळून जायचं.

कोपऱ्यातल्या माठातून पाणी ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"काल गेलं, आज जाऊ का नको करतंय," दोड्डव्वा म्हणाली. "जीव अडकलाय कशात तरी."

शिवरंजनीनं सरांना फोन लावला. सर भाच्याच्या लग्नाला गावी गेलेले, फोन बंद. तिनं दोन्ही व्हिडिओ पाठवून खाली लिहिलं, 'सर, माझी चुलती दिसत नाही.' मग पाठवलेल्या वाक्याकडं बघून तिलाच कसंतरी झालं.

दुपारपर्यंत दोड्डप्पांचाही धीर सुटला आणि ते पंचाक्षरी स्वामींना घेऊन आले. स्वामी म्हणजे गावातले वयस्कर जंगम. बारसं, लग्न आणि गेलेल्या माणसाला बसवून मातीआड करणं, सगळ्याला तेच लागत. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ धरून बघितला.

"सावलीला मुंडकं दिसलं न्हाय तर माणूस वर्ष काढत न्हाय, हे वाडवडलांनी सांगून ठेवलंय," ते सावकाश म्हणाले. "पण मुंडकं हाय आन् धड न्हाय, ह्याचं कुनी काय सांगून ठेवलं न्हाय."

"म्हंजी चांगलं का वाईट?" दोड्डप्पांनी विचारलं.

"चांगलं असतं तर सांगून ठेवलं असतं."

स्वामींनी भस्म लावलं, चहा घेतला आणि जाताना दोड्डव्वाकडं नको इतक्या मायेनं बघितलं. तेवढ्यानं दोड्डव्वाचा उरलासुरला संशय गेला. तिनं नवऱ्याला समोर बसवून घेतलं.

"मला बसवायचं ते आंब्याखाली बसवा. हिरीकडं नको. तिथं लई ओल असती, माझे गुडघे धरत्यात."

"काय तरी बोलू नको."

"आन् त्या लंगड्या म्हशीला कुनाला इकू नका. ती माझ्याबिगर दूध देत न्हाय, पर म्या नसल्यावर शिकंल हळूहळू."

मग ती उठली, पदर सारखा केला आणि अंगण ओलांडून समोरच्या दाराकडं निघाली. शिवरंजनी मागोमाग निघाली. ते दार शिवरंजनीचंच होतं. तिथं तिची आई राहत होती, महेश्वरी, दोड्डव्वाची धाकटी जाऊ. एकाच अंगणातल्या या दोघी कैक वर्षांमागच्या वास्तुशांतीच्या जेवणापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या दिवशी महेश्वरीनं हुग्गी केली होती, गव्हाची गुळातली खीर, आणि दोड्डव्वा भर पंगतीत म्हणाली होती, "पाव्हण्यांनो, वाटीनं प्या, बोटाला लागायची न्हाय." त्यावर महेश्वरी म्हणाली होती, "अक्काच्या हातची तर सुरीनं कापावी लागती." तेव्हापासून त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते मांजराला उद्देशून. मांजर बिचारं दोन्ही घरचं ऐकून घ्यायचं.

दोड्डव्वा उंबऱ्यावर बसली. महेश्वरी आत लसूण सोलत होती. तिनं आधी सवयीनं मांजर शोधलं, पण ते कुठं दिसेना.

"महेश्वरी," दोड्डव्वा म्हणाली, "हुग्गी चांगली झाली हुती."

लसूण सोलणं थांबलं.

"पातळ न्हवती. बेताची हुती. म्या दोनदा घेतली, तू बघितलं न्हायस. आता माझं काय खरं न्हाय. जायाच्या आधी सांगून जावं म्हनलं. मनात ठिवू नको."

महेश्वरीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. शिवरंजनीला वाटलं, आईला रडू आवरेना. "असं का बोलताय, अक्का," पदराआडून आवाज आला. "म्याच जास्तीचं बोलले. तुमच्या हातची हुग्गी मऊच असती."

त्या संध्याकाळी समोरच्या घरातून दोड्डव्वाला ताट आलं. दुसऱ्या दिवशी महेश्वरीनं तिचे पाय शेकून दिले. दोड्डप्पा भल्या सकाळी उठून स्वतः चहा करायला लागले. साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा हाती लागला, तरी दोड्डव्वा तो मरणाऱ्या माणसाच्या शांतपणानं प्याली. दोघी जावा अंगणात बसून गेल्या सगळ्या वर्षांचं बोलून काढू लागल्या. शिवरंजनीला मात्र अन्न गोड लागेना. आपण खेळ म्हणून फोनवर बोट दाबलं आणि एका जित्या माणसाला अर्धं पुसून टाकलं, असं तिला वाटे. तो व्हिडिओ काढून टाकायचंही धाडस होईना. काढला आणि उरलेली दोड्डव्वाही गेली तर?

अशात सरांचा निरोप आला. लग्न उरकलं असावं.

'हिरव्या पडद्यापुढं बसणाऱ्यानं अंगावर हिरवं घालायचं नसतं. अ‍ॅपला पडदा आणि साडी यातला फरक कळत नाही, ते सगळंच हिरवं काढतं. हे तासाला सांगितलं होतं. चुलतींना नमस्कार सांगा.'

शिवरंजनीनं तो निरोप उभ्यानं वाचला, खाली बसून वाचला. मग तिला इतकं हलकं वाटलं की ती पळतच दोड्डव्वाकडं गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं दोड्डव्वाला खुर्चीवर बसवलं, गळ्यापासून पायापर्यंत लाल घोंगडी गुंडाळली, शूटिंग घेतलं आणि दाखवलं. दोड्डव्वा अख्खी होती. डोकं, घोंगडी, पाय, सगळं एकाखाली एक.

दोड्डव्वानं ते नीट बघितलं. मग हातातल्या बांगड्यांकडं बघितलं, मग भिंतीवरच्या कपड्याकडं.

"म्हंजी म्या मरत न्हाय."

"न्हाय, दोड्डव्वा. नुसता रंग गेला हुता."

शिवरंजनीला वाटलं, आता ती हात जोडेल, देवापुढं दिवा लावेल. दोड्डव्वाचा चेहरा मात्र हळूहळू कडू होत गेला.

"हे आधी कळलं असतं तर म्या माफी कशाला मागितली असती? ती हुग्गी पातळच हुती. पानी हुतं निव्वळ."

"जाऊ द्या की आता."

दोड्डव्वा विचारात पडली. समोरच्या घरातून फोडणीचा वास येत होता. आज महेश्वरी शेंगाची, म्हणजे शेंगदाण्याची गोड पोळी करणार होती, आणि ती कुणासाठी हे दोघींनाही माहीत होतं.

"तुझ्या आईला एवढ्यात सांगू नको," दोड्डव्वा म्हणाली. "बिचारी लई जीव लावाय लागलीय. तिला एकदम धक्का नको."

शिवरंजनी घरी आली. आई चुलीपाशी पोळी लाटत होती. तिच्या पाठीकडं बघत शिवरंजनी उभी राहिली. सांगावं की नाही, हे काही ठरेना.

"सरांचा निरोप आला का?" आईनं मान न वळवताच विचारलं.

"कसला?"

"हिरव्याचा."

आईनं पोळी तव्यावर टाकली.

"मागल्या साली येरमाळ्याला येडाईच्या जत्रंला गेलते न्हवं का म्या, तवा तिथं एक फोटूवाला हुता. हिरव्या पडद्याम्होरं उभं करायचा आन् मागं देवीचं देऊळ दाखवायचा. म्या हिरवं झंपर घालून गेले, तर म्हनला, मावशी, हे बदलून या, न्हायतर तुमचे हात देवळात जातील. सोबतच्या बाईचं झंपर घातलं तवा कुठं फोटू निघाला."

"म्हंजी तुला पहिल्याच दिवशी कळलं हुतं?"

"तू सांगितलंस तवाच."

"आन् तू बोलली न्हाईस? दोड्डव्वा मातीत बसायची जागा ठरवत हुती, आई. मला चार दिवस झोप न्हाय."

"सांगणारच हुते," महेश्वरीनं पोळी उलटली. "तवर अक्का उंबऱ्यावर येऊन बसल्या. एवढ्या वर्षांनी आल्या. मग म्हनलं, बोलतायत तर बोलू द्यावं." पोळीवर तूप सोडत ती म्हणाली, "त्यांना एवढ्यात सांगू नको. समजलं तर परत दार लावून घेतील."

रविवारी शूटिंग पुन्हा घ्यायचं ठरलं. या खेपेला लेक परत येते असा शेवट होता आणि लेकीचं काम आईनं आपण होऊन मागून घेतलं. चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. शिवरंजनीनं कपड्याच्या सुरकुत्या काढल्या, एकाला एक दोन खुर्च्या लावल्या आणि दोघींना हाक मारली.

दोड्डव्वा आतून आली. लग्नातली लाल साडी, आणि त्यावर दोड्डप्पांचा काळा लोकरी स्वेटर, बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. बांगडी एक दिसत नव्हती. त्याच वेळी अंगणाकडच्या दारातून महेश्वरी आली. जांभळी साडी, आणि अंगावर सासऱ्यांची जाड शाल, दोन्ही मनगटं आत घट्ट गुंडाळलेली. कपाळावरून घाम निथळत होता.

दोघी समोरासमोर थांबल्या. दोड्डव्वानं जावेची साडी बघितली, मग शाल. महेश्वरीनं स्वेटरच्या बाह्या बघितल्या. शिवरंजनीनं फोनमध्ये डोकं घातलं.

"थंडी वाजतीय का, अक्का?" शेवटी महेश्वरीनं विचारलं.

"तुला वाजतीय तेवढीच," दोड्डव्वा म्हणाली आणि एका खुर्चीवर बसून तिनं शेजारची खुर्ची जावेकडं सरकवली.