पास झालेली फटफटी

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर वेइक्कोला फटफटीची किक मारणं जमेना, आणि हेल्वीने बायकोच्या हक्काने जाहीर केलं, की शेडमधली ती जागा आता मोकळी व्हायला हवी. गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा रेइनो कित्येक वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता.

फटफटी मूळची फिनलंडमधल्या त्यांच्याच गावची. दोघं मित्र जंगलतोडीच्या कामासाठी कॅनडातल्या थंडर बेला आले, तेव्हा ती वेइक्कोच्या भावाकडे राहिली. भाऊ गेल्यावर वेइक्कोने ती लाकडी खोक्यात घालून जहाजाने इकडे आणवली. तरुणपणी शनिवारी तिच्यावरूनच ते नाचाला जायचे. पुढे वेइक्को, मागे रेइनो.

"पण नंबर माझ्या नावावर हवा," रेइनो म्हणाला. "मी ती रस्त्यावर चालवणार आहे."

म्हणजे गॅरेजने तपासून सुरक्षिततेचं सर्टिफिकेट द्यायला हवं. वेइक्को ती मार्लीनच्या गॅरेजात घेऊन गेला.

"काका, हँडल वाकडंय," मार्लीन म्हणाली.

"पहिल्यापासून वाकडंय. दूधवाल्याच्या गाडीला धडकलो होतो."

"कधी?"

"अठरा वर्षांचा होतो."

"मग सरळ करायला वेळ बराच मिळाला की तुम्हाला."

हँडल बदललं. दिवा इतकी वर्षं वाकड्या हँडलाच्या हिशेबाने बसवलेला, तो आता गटारात बघू लागला. शिवाय त्यावर इथल्या नियमाचा शिक्का नव्हता. नवा दिवा आला. तो लावला की मागचा ब्रेकचा दिवा मरायचा, म्हणून वायरिंग बदललं. वायरिंगसाठी सीट काढली, तर तिचे गंजलेले स्प्रिंग मार्लीनच्या हातातच तुटले, म्हणून सीटही नवी आली. आणि सीट निघाल्यावर दिसलं, की सायलेन्सरचं भोक कॉफीच्या डब्याचा पत्रा ठोकून बुजवलंय.

"हे कुणी केलं?"

"रेइनोने. चांगलं टिकलं."

मार्लीनने नवा सायलेन्सर मागवला. काढलेलं सगळं सामान तिने एका खोक्यात भरून वेइक्कोला दिलं आणि सर्टिफिकेटवर सही केली.

रविवारी रेइनो जुनी चामड्याची टोपी घालून आला. फटफटीभोवती एक चक्कर मारून तो उभा राहिला.

"ही कुणाची?"

"तुझी. पास झालीये."

रेइनोने किक मारली. ती शिवणयंत्रासारखी चालू लागली. त्याने लगेच बंद केली.

"आवाज कुठाय?"

"नापास झाला."

"आणि हँडल? आपण डावीकडे जायला लागलो की मी मागून उजवीकडे कलायचो. आता मी काय करायचं?"

"सरळ बसायचं."

रेइनोने नव्या सीटवर हात फिरवला. "जुन्या सीटमध्ये हेल्वीचा स्कर्ट अडकला होता ना?"

वेलदोड्याचा पाव कापत असलेली हेल्वी खिडकीतून म्हणाली, "स्प्रिंगमध्ये. माझ्या घरी उतरता येईना. शेवटी हा मला तशीच आपल्या आईकडे घेऊन गेला, तिने कात्रीने सोडवलं. कात्री लावायच्या आधीच सून म्हणून पसंत केलं होतं म्हणे तिने."

"आणि मी नाचघरापासून चालत घरी गेलो," रेइनो म्हणाला. "तिला आधी मी नाचायला बोलावलं होतं."

हेल्वी कॉफी आणि पाव बाहेर घेऊन आली. रेइनोने कॉफी संपवली, टोपी काढली आणि शेडच्या कोपऱ्यातल्या जुन्या सामानाच्या खोक्याकडे बघितलं.

"त्याला सर्टिफिकेट लागतं?"

"भंगाराला कसलं सर्टिफिकेट?"

"मग फटफटी राहू दे. मी ते घेतो."

सर्टिफिकेटची मुदत संपायच्या आत फटफटी मार्लीननेच विकत घेतली. शेड रिकामी झाली, हेल्वीला हवी तशी. फक्त वेइक्को घरी दिसेनासा झाला. सकाळी जायचा तो जेवायलाच उगवायचा. एकदा सूप गार झालं तरी आला नाही, तेव्हा हेल्वी चिडून रेइनोच्या अंगणात गेली.

बर्चच्या आडव्या ओंडक्यावर नवे स्प्रिंग लावलेली जुनी सीट खिळली होती. पुढे खुंटाला वाकडं हँडल. ते धरून रेइनो बसला होता, मागे वेइक्को, आणि दोघंही गंभीर चेहऱ्याने एका बाजूला कलले होते.

"कुठवर पोचलात?" हेल्वीने विचारलं.

"नाचघराच्या वळणावर," वेइक्को म्हणाला. "हा फार हळू चालवतो."

हेल्वीने एप्रन सोडून कुंपणावर टाकला.

"पुढे सरका," ती म्हणाली.